वेशीवरची नाडीपरीक्षा

बेळ्ळंदुरात राहणाऱ्या माणसास परदेश फारसा दूर वाटत नाही. येथील कोणत्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये पाच माणसे भेटली, तर त्यांतील एखादा नुकताच समुद्रापलीकडून परतलेला असतो आणि दुसऱ्याची जाण्याची तयारी चाललेली असते. बंगळूरचा विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकास, देवनहळ्ळीकडे; परंतु तेथे उतरणाऱ्या कितीतरी माणसांची बिऱ्हाडे इकडे, ह्या तळ्याच्या काठावर. महासाथीच्या काळात महानगरपालिका रोज प्रभागवार आकडे प्रसिद्ध करीत असे. त्या यादीत वरच्या ओळींवर ज्यांची नावे वारंवार दिसत, त्यांत आमचे बेळ्ळंदूर असे. देशाची सीमा नकाशावर कोठेही आखलेली असो, त्या दिवसांत ती आमच्या जिन्यापर्यंत आलेली होती.

सीमेवर प्रवाशाला थांबवून त्याच्या अंगी विषाणूचे कोणते नवे रूप दडले आहे ते पाहणे, ह्या उद्योगाविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आम्ही वैद्य नव्हे. परंतु ज्यांचा उभा जन्म दुसऱ्यांचे कागद पाहण्यात, तारखा ताडून घेण्यात आणि शिक्के मारण्यात गेला, अशा मंडळींत आमची गणना होते. आणि ह्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची तीच गत असेल. नाक्यावर बसणाऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आपणांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

रोगाला वेशीवर अडवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पटकी किंवा देवी गावात शिरली की मरीआईचा गाडा काढीत. देवीची पूजा करून, वाजतगाजत, तो गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढीत नेत आणि शिवेपलीकडे सोडून येत. मग शेजारच्या गावाने तो आणखी पुढल्या शिवेवर पोचवावयाचा. आपल्या घरातले अरिष्ट शेजाऱ्याच्या हद्दीत लोटले म्हणजे ते संपले, असा त्यामागील भाव. ह्या प्रथेला आपण आज हसतो. परंतु दोन वर्षे विमानांच्या येण्याजाण्यावर राष्ट्रांनी जे हुकूम काढले ते आठवले, म्हणजे गाडा अजून मोडीत निघालेला नाही अशी शंका येते.

पश्चिमेकडे ह्याच कल्पनेने वेगळे वळण घेतले. एड्रियाटिक समुद्रावरील रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, ह्या व्यापारी नगराने १३७७ साली असा नियम केला की, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने प्रथम तीस दिवस बाहेर काढावेत, मगच गावात पाऊल टाकावे. पुढे तिसांचे चाळीस झाले, आणि 'क्वारंटाइन' हा शब्द त्या चाळिसांतून जन्मला. गाडा आणि हा नियम ह्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. गाडा रोगाला हाकलतो; नियम माणसाला थांबवतो, आणि मुदत संपली की आत घेतो. मुदतीचा शेवट ठरलेला असणे, हे त्या जुन्या नगराचे शहाणपण होते.

आमच्या मराठी स्मृतीत मात्र ह्या तपासणीची आठवण कडूच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथीच्या रोगांचा कायदा झाला. चारच कलमांचा तो लहानसा कायदा. पण त्याच्या दुसऱ्या कलमात आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. पुण्यात तो अधिकार ज्या रीतीने गाजविला गेला, त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाली, हे कोणाही मराठी वाचकास सांगावयास नको. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या होत्या. रोगी दिसला की त्याला उचलून नेणारे हात आणि रोगी दिसला की त्याला उचलून घेणारे हात, असे दोन्ही प्रकार त्या एका वर्षात एकाच शहराने पाहिले.

इतका पहारा असूनही प्लेग थांबला नाही. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो आगगाडीनेच हुबळीकडून बंगळूरला आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ह्या ज्या सुरेख वस्त्यांत आपली कितीतरी मराठी घरे पुढे स्थिरावली, त्या ह्या प्लेगच्या धसक्यातून उभ्या राहिल्या. ह्या शहरात प्लेगच्या मारम्माची देवळेही झाली. शहराने देवीला वेशीबाहेर न लोटता आत बसवून घेतले, हे आम्हांस नेहमी विचार करण्यासारखे वाटत आले आहे.

आता अलीकडचा काळ पाहू. २१ जानेवारी २०२० पासून बंगळूरच्या विमानतळावर चीनकडून येणाऱ्यांच्या कपाळाची उष्णता पाहण्यास सुरुवात झाली. तो पिस्तुलासारखा यंत्रविशेष सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला कातडीची ऊब तेवढी कळते. ज्याच्या शरीरात विषाणू शिरून दोनच दिवस झाले आहेत त्याला ताप नसतो. ज्याला आहे त्याने विमानात तापाची गोळी घेतली असेल तर तोही यंत्राला निरोगीच दिसतो. लंडनच्या संशोधकांनी २०२० च्या फेब्रुवारीतच गणित करून दाखविले होते की, निघताना आणि उतरताना अशा दोन्ही ठिकाणी तपासले, तरी शंभर बाधितांपैकी सुमारे ४६ जण निसटून जातील. झालेही तसेच. कलबुर्गीचे एक वृद्ध गृहस्थ सौदी अरेबियातून २९ फेब्रुवारीस हैदराबादला उतरले, तेव्हा त्यांच्या अंगी कोणतेही लक्षण नव्हते. १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला. ह्या रोगाने भारतात झालेला तो पहिला मृत्यू होय. आमच्या शहरातील पहिला रुग्ण अमेरिकेहून १ मार्चला परतला होता. त्याचे निदान झाले ९ मार्चला.

त्यानंतर सरकारी यंत्रणेने जे उपाय योजले, ते पाहताना आमच्यातील जुना कारकून चमकला. ११ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्यांना त्याच १८९७ च्या कायद्याचे दुसरे कलम वापरण्याचा सल्ला दिला. परदेशातून आलेल्यांच्या हातांवर शाईचे शिक्के उमटले. विलग राहणाऱ्या हजारो लोकांचे पत्ते कर्नाटकात प्रसिद्ध करण्यात आले, आणि घरात बसलेल्याने सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाला आपले छायाचित्र पाठवावे असा हुकूम निघाला. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पत्ता जाहीर झाला की रोगाची भीती घराला चिकटते, आणि भ्यालेला शेजारी हा कोणत्याही शिपायापेक्षा कडक असतो. पुण्याच्या १८९७ सालापासून एवढे तरी शिकावयास हवे होते की, तपासणीत अपमान मिसळला म्हणजे माणसे रोग लपवू लागतात. आणि लपविलेला रोग कोणत्याच नाक्यावर सापडत नाही.

विषाणूचे रूप ओळखण्याचा प्रश्न २०२० च्या डिसेंबरात आला. इंग्लंडात एक नवे रूप वेगाने पसरत असल्याचे कळताच तिकडील विमाने बंद झाली. परंतु २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर ह्या अवधीत सुमारे ३३,००० प्रवासी तिकडून भारतात उतरून आपापल्या घरी गेलेले होते. त्यांचा माग काढण्यात आला. २९ डिसेंबरला सरकारने जाहीर केले की, त्यांतील ११४ जण बाधित आढळले असून सहा जणांत ते नवे रूप आहे. त्या सहांपैकी तीन नमुने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत, दोन हैदराबादेस आणि एक पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत ओळखले गेले. त्याच महिन्यात देशातील दहा प्रयोगशाळांचा एक संघ ह्या कामासाठी बांधण्यात आला. त्या दहांत दोन पुण्याच्या आणि दोन बंगळूरच्या होत्या. आमच्यासारख्या दोन घरच्या पाहुण्यांना त्याचे थोडे समाधान वाटले, हे सांगावयास हरकत नाही.

हे काम कसे चालते, तेही थोडक्यात सांगतो. नाकातील स्रावाची नेहमीची चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. त्याचे रूप कोणते, हे पाहण्यासाठी त्याच्या जनुकांची सुमारे तीस हजार अक्षरे क्रमाने वाचावी लागतात आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावी लागतात. हस्तलिखितांच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या संशोधकाला जसे लेखकाच्या चुकांवरून पोथीचे घराणे कळते, तसेच हे. त्याला दिवस लागतात. एक जवळची वाट होती: नेहमीच्या काही चाचण्यांत विषाणूचे दोन-तीन भाग शोधतात, त्यांतला एक ठरावीक भाग सापडला नाही, तर पाहुणा इंग्लंडच्या त्या रूपाचा असावा असा संशय घेता येई. परंतु ही खूण सर्व रूपांत नसते. विदर्भात पुढे उद्भवलेल्या रूपात ती नव्हती.

येथे आम्ही कथेच्या मर्मस्थानी आलो. सगळ्या देशाचे डोळे लंडनच्या विमानांकडे लागलेले असताना, २०२१ च्या प्रारंभी अमरावतीकडे साथ अकस्मात वाढली. ज्या रूपाला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिले, त्याच्या घराण्याची चाहूल महाराष्ट्रातील नमुन्यांत लागली. ते कोणत्याही विमानातून उतरले नव्हते. वेशीवरचा पहारेकरी दूरच्या वाटेकडे पाहत उभा होता आणि पाहुणा घरातच जन्माला आला होता. त्याच फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने महाराष्ट्रातून येणाऱ्यांस बहात्तर तासांच्या आतील निर्दोष चाचणीचा दाखला सक्तीचा केला. कोगनोळीचा नाका, जेथून आपण आजवर गाडीची काच खाली न करता जात आलो, तेथे माणसे खाली उतरून कागद दाखवू लागली.

आम्हीही त्या वाटेने एका लग्नाहून परतलो. कोल्हापुरास दाखला घेतला होता, तो नीट होता, आणि तो पाहणारा तरुण कर्मचारी सौजन्याने वागला. तथापि त्याने तारीख ताडून पाहताना वर न बघता जो हात पुढे केला, तो आम्ही चांगला ओळखीत होतो. अशाच रीतीने आम्ही पस्तीस वर्षे हात पुढे करीत आलो होतो. मागे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यापाशी दाखला नव्हता. त्याची बहीण पलीकडे चार कोसांवर राहत होती. त्याचा विषाणू कर्नाटकी की महाराष्ट्रीय, हे विचारण्याची सोय कोणाकडेच नव्हती. कारण ह्या दोन राज्यांची सीमा शेताच्या बांधासारखी आहे, तिच्या दोन्ही अंगांना एकच गाव पसरलेले असते. तो मुकाट्याने मागे वळला. त्या दिवशी नाका पार केला तो आम्ही. परंतु नाका कशास म्हणतात हे त्याच्या पाठीकडे पाहून कळले.

त्याच वर्षाच्या अखेरीस जे घडले, ते तर ह्या विषयाचा धडाच म्हणून शिकवावे असे आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने एका नव्या रूपाची वार्ता जागतिक आरोग्य संघटनेस कळविली. दोन दिवसांनी त्याचे 'ओमायक्रॉन' हे नामकरण झाले. आपल्या देशाने १ डिसेंबरपासून धोक्याच्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची विमानतळावरच चाचणी, आणि इतर देशांतून येणाऱ्यांपैकी शंभरांत दोघांची, असा नियम लागू केला. लगेच दुसऱ्या दिवशी, २ डिसेंबरला, भारतातील पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, दोघेही बंगळूरचे. त्यांतील एक दक्षिण आफ्रिकेहून आलेला प्रवासी होता. तो उतरला होता २० नोव्हेंबरला, म्हणजे जगाला त्या रूपाची वार्ता कळण्यापूर्वी चार दिवस. त्याची चाचणी झाली, तो बाधित निघाला, त्याला हॉटेलात वेगळे ठेवले, नमुना वाचनासाठी गेला. पुढे दुसरी चाचणी निर्दोष आली आणि २७ तारखेस तो विमानाने दुबईस निघूनही गेला. त्याच्या विषाणूचे नाव जाहीर झाले त्यानंतर पाच दिवसांनी. दुसरा रुग्ण ह्याच शहरातील एक डॉक्टर. त्यांनी कोठेही परदेशप्रवास केलेला नव्हता.

ही दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्याच्या बाबतीत नाक्यावरील प्रत्येक माणसाने आपले काम चोख केले, तरी उत्तर मिळाले ते प्रवासी गेल्यावर. दुसऱ्याच्या बाबतीत नाक्याचा संबंधच आला नाही. विषाणू आधीच गावात होता. म्हणून आम्ही म्हणतो की सीमेवरील ही तपासणी तटबंदी नव्हे. तो गावाचा कान आहे. तिने रोग अडत नाही. रोगाची बातमी मिळते आणि फार तर थोडे दिवस हाती येतात. तेवढ्या दिवसांत प्राणवायूची सोय, औषधे, खाटा, लशी ह्यांकडे पाहता आले तर ते दिवस सार्थकी लागले. नुसता तट चढवून त्यामागे आपण निर्धास्त झोपलो, तर तो तट नसता तरी चालले असते.

ह्यावर कोणी विचारील, मग सीमेवर रोग कधीच अडत नाही काय? अडतो, त्याचे उदाहरणही आपल्याच देशाचे आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिका ह्यांतील पीतज्वर भारतात कधी पसरला नाही, जरी तो पसरविणारा डास येथे घरोघरी आहे. ह्या बाबतीत आपला नियम कडक आहे: लशीचा दाखला दाखवा, नाहीतर सहा दिवस वेगळे राहा. हा नियम पाळता येतो, कारण रोग जुना आणि ओळखीचा आहे, लस एका टोचणीत काम करते, दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. शिवाय संसर्ग होऊन आजार दिसेपर्यंत सहा दिवसांहून अधिक काळ सहसा जात नाही. प्रश्न एक, उत्तर एक, मुदत ठरलेली. परंतु जो विषाणू दर काही महिन्यांनी पोशाख बदलतो, लक्षणे दिसण्याआधीच पसरतो, आणि ज्याचे नाव अजून कोणी ठेवलेले नाही, त्याच्याकडे दाखला कसला मागणार?

बातमीचे काम करावयाचे, तर बातमी देणाऱ्याला शासन होता कामा नये. दक्षिण आफ्रिकेने प्रामाणिकपणे वार्ता दिली. तिचे फळ म्हणून काही दिवसांतच अनेक राष्ट्रांनी तिची विमाने बंद केली. मरीआईचा गाडा तो हाच. आणि राष्ट्रांचे जे, तेच शेजाऱ्यांचे. त्याच डिसेंबरात आमच्या ओळखीच्या एका इमारतीत सोलापूरकडील एका कुटुंबातील कर्ता पुरुष वारला. मुलगा लंडनहून आला, विमानतळावर काही तास निकालाची वाट पाहत बसला, निर्दोष ठरला, आणि नियमाप्रमाणे सात दिवस घरात राहिला. दारावर कागद लागला. आठव्या दिवशी चाचणी पुन्हा निर्दोष आली, कागद निघाला. तरी शेजारी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागले. दिवसकार्याला आम्ही गेलो तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, नाकात काडी घातली त्याचे काही वाटले नाही. पण आईला कोणी भेटायला आले नाही." आपल्याकडे सुतक दहा दिवसांचे असते. त्या काळात कोणी शिवत नाही. पण तेराव्याला पंगत बसते आणि घर पुन्हा गावात येते. सुतक फिटते, हे त्याचे मोठेपण आहे. संशयाला मात्र तेरावा दिवस नसतो.

अलीकडे ह्या कानाला आणखी चांगली जागा सापडली आहे. अमेरिकेने २०२१ च्या सप्टेंबरात विमानतळांवर स्वेच्छेने नमुने देणाऱ्या प्रवाशांची तपासणी सुरू केली. प्रारंभी ती भारतातून जाणाऱ्या विमानांवरील प्रवाशांची होती. नंतर विमानातील शौचकूपांचे पाणीही तपासण्यात येऊ लागले. त्यात कोणाचे नाव नसते, पत्ता नसतो, आणि कोणाला थांबवावे लागत नाही. आपल्याकडील शंभरांत दोघांची चाचणी २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली होती; ती २० जुलै २०२३ पासून बंद झाली. परंतु बंगळूरच्या संशोधकांनी २०२२ साली शहरातील २८ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतील पाणी तपासून, कोणते रूप वाढते आहे आणि कोणते ओसरते आहे, ते टिपून ठेवले होते. विमानाने आलेला आणि घरातच जन्मलेला, असा भेद हे पाणी करीत नाही.

ह्या शहराच्या सांडपाण्याविषयी बेळ्ळंदूरकरांना सांगावयास नको. सुमारे नऊशे एकरांचे आमचे तळे वर्षानुवर्षे शहराची घाण पोटात घेत आले. त्यावरचा फेस रस्त्यावर उडून आला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत त्याला आगही लागली, तेव्हा देशभर त्याची छायाचित्रे छापली गेली. सगळ्यांनी नाक दाबून ज्या पाण्याकडे पाठ फिरवली, तशाच पाण्यात शहराच्या प्रकृतीची वार्ता लिहिलेली असते, हे कळावयास महासाथ यावी लागली.

पुढली साथ कोणत्या वाटेने येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती आली म्हणजे नाके पुन्हा उभे राहतील, आणि आपल्यापैकी कित्येकांची मुले, पुतणे, भाचे त्या नाक्यांवर मेजामागे बसतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: नमुना अवश्य घ्या, पण ज्याचा घेतला त्याला निकाल कळवा. थांबवा, पण किती दिवस ते आधी सांगा, आणि ते संपले की तुम्हीच जाऊन दारावरचा कागद काढा. एखाद्याजवळ दाखला नसेल, तर त्याला मागे वळविण्यापूर्वी तेथेच चाचणीची सोय करता येते काय, ते पाहा. आणि हात पुढे करताना एकदा वर बघा.